घरगुती ध्वनिमुद्रण आणि शिफारशीची नीती : डॅनियल जॉन्स्टन यांच्या कॅसेट-गीतांचा चिकित्सक विचार

बीजसंज्ञा : लो-फाय संगीत, कॅसेट, गीतकार, शिफारस, अस्सलपणा, आस्वाद.

प्रस्तावना

संगीतसमीक्षेत रचना, गायन आणि वाद्यमेळ यांची चर्चा विस्ताराने होते. मात्र एखादे गाणे श्रोत्यापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचले, याची चर्चा त्या मानाने फारशी होत नाही. वस्तुतः ही वाटच अनेकदा आस्वादाचे स्वरूप ठरवीत असते. मोठ्या कंपनीने प्रसिद्ध केलेले गीत आणि मित्राने हातात ठेवलेल्या कॅसेटवरील गीत ही एकाच वृत्तीने ऐकली जात नाहीत. अमेरिकेतील 'लो-फाय' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्वतंत्र संगीतप्रवाहात तर गीतकाराचा शोध लागणे आणि त्याची इतरांकडे शिफारस होणे, हाच त्याच्या मान्यतेचा मुख्य मार्ग राहिला आहे. प्रस्तुत निबंधात या प्रवाहातील एक महत्त्वाचे गीतकार डॅनियल जॉन्स्टन (१९६१-२०१९) यांच्या उदाहरणाच्या आधारे दोन प्रश्नांचा विचार केला आहे. पहिला प्रश्न असा की, ध्वनिमुद्रणातील उणीव हे सौंदर्यमूल्य ठरू शकते काय? आणि दुसरा असा की, अशा गीतकाराची शिफारस करताना रसिक नेमकी कशाची शिफारस करतो, गीताची की गीतकाराच्या दुःखाची?

'लो-फाय' या संज्ञेचा अर्थ

'हाय-फाय' म्हणजे मूळ ध्वनीशी उच्च प्रतीची निष्ठा. त्याच्या विरोधात 'लो-फाय' ही संज्ञा घडली. न्यू जर्सीतील डब्ल्यूएफएमयू या रेडिओ केंद्रावर विल्यम बर्जर यांनी १९८६ मध्ये घरी मुद्रित केलेल्या संगीताचा कार्यक्रम याच नावाने सादर केला आणि ही संज्ञा रूढ होण्यास त्याचा हातभार लागला. तिच्यामागे तंत्रज्ञानाचा इतिहास आहे. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये कॅसेट आणली. १९७९ मध्ये टीअ‍ॅक कंपनीने साध्या कॅसेटवर चार पट्ट्यांत मुद्रण करणारे 'पोर्टास्टुडिओ' हे यंत्र बाजारात आणले. परिणामी ध्वनिमुद्रणाचे साधन स्टुडिओच्या मालकाकडून गाणाऱ्याच्या घरात आले.

मराठी वाचकाला येथे साठोत्तरी लघुअनियतकालिकांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. चक्रमुद्रित पानांवर कविता छापून ती हातोहात वाटणाऱ्या कवींनीही निर्मितीचे साधन स्वतःकडे घेतले होते. परंतु हे साम्य फार ताणता येत नाही. लघुअनियतकालिकांमागे प्रस्थापित वाङ्मयव्यवहाराविरुद्धचे जाणीवपूर्वक बंड होते. जॉन्स्टन यांना मात्र प्रस्थापितांचा नकार अभिप्रेत नव्हता. त्यांना बीटल्ससारखे कीर्तिमान व्हायचे होते. त्यांच्या हाती टेपरेकॉर्डर होता, म्हणून त्यांनी टेपरेकॉर्डर वापरला. हा तपशील पुढील विवेचनासाठी महत्त्वाचा आहे.

निवड आणि अगतिकता

लो-फाय मुद्रणाचे दोन प्रकार येथे वेगळे करावे लागतात. ब्रूस स्प्रिंगस्टीन यांनी जानेवारी १९८२ मध्ये न्यू जर्सीतील कोल्ट्स नेक येथील घरी पोर्टास्टुडिओवर काही गाणी मुद्रित केली. तीच गाणी वादकसमूहासह स्टुडिओत करून पाहिली असता त्यांतील एकाकीपण हरवते, असे आढळल्याने घरची कॅसेटच 'नेब्रास्का' या नावाने त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. येथे साधेपणा ही निवड होती, कारण स्टुडिओचे दार उघडे होते.

जॉन्स्टन यांच्यापुढे असा पर्याय नव्हता. 'साँग्ज ऑफ पेन' हा त्यांचा आरंभीचा संग्रह वेस्ट व्हर्जिनियातील आईवडिलांच्या घराच्या तळघरात, पियानोजवळ साधा टेपरेकॉर्डर ठेवून मुद्रित झाला. १९८३ मधील 'यिप/जंप म्युझिक' या संग्रहात पियानोची जागा बहुतांशी खेळण्यासारख्या वाटणाऱ्या चॉर्ड ऑर्गनने घेतली. आरंभी कॅसेटची प्रत काढण्याची सोयही त्यांच्यापाशी नव्हती. त्यामुळे कोणी कॅसेट मागितली की ते सारी गाणी पुन्हा गाऊन नवी कॅसेट तयार करीत. म्हणजे येथे 'प्रत' ही वस्तुतः नवी मैफल होती. यंत्राच्या अभावाने ध्वनिमुद्रण पुन्हा मौखिक परंपरेच्या जवळ गेले.

असे असले तरी अभावालाच गुण मानणे हा तर्कदोष होय. फितीची खरखर, मध्येच बिघडणारा ताल आणि कापरा आवाज ही सर्व लक्षणे शेकडो सुमार कॅसेटमध्येही आढळतात. जॉन्स्टन यांचे वेगळेपण त्यांच्या रचनेत आहे. 'द स्टोरी ऑफ अ‍ॅन आर्टिस्ट' या १९८२ मधील गीतात विशीतील गीतकार वृद्ध होत चाललेल्या कलावंताची कथा सांगतो. कुटुंबीय व मित्र त्याची उपेक्षा करतात आणि तो आपले काम करीत राहतो. विषय आत्मकरुणेला वाव देणारा आहे. परंतु कथनात तृतीय पुरुषाचा आधार घेतल्याने गीतकार स्वतःकडे काहीशा अंतरावरून, किंचित विनोदानेही पाहू शकतो. 'ट्रू लव्ह विल फाइंड यू इन द एन्ड' हे १९८४ च्या 'रिटायर्ड बॉक्सर' या संग्रहातील गीत जेमतेम दोन मिनिटांचे आहे. वरवर ते केवळ आश्वासन वाटते. पण त्या आश्वासनाला एक अट जोडलेली आहे, ती अशी की शोधणाऱ्यानेही स्वतःला लपवून ठेवता कामा नये. या अटीमुळे गीत भाबडेपणातून बाहेर पडते. खरखरीमागे अशी घट्ट वीण आहे, म्हणूनच ती खरखर सुसह्य आणि पुढे अर्थपूर्ण होते.

शोधाची साखळी

१९८० च्या दशकाच्या मध्यास जॉन्स्टन टेक्सासमधील ऑस्टिन येथे आले. मॅकडोनाल्ड्समध्ये काम करीत असताना ते भेटेल त्याला आपली कॅसेट देत. १९८५ मध्ये एमटीव्हीच्या 'द कटिंग एज' या कार्यक्रमात ते झळकले. दशकाच्या अखेरीस होमस्टेड रेकॉर्ड्सने त्यांच्या कॅसेट एलपी स्वरूपात आणल्या. १९९२ मध्ये निर्वाणाच्या कर्ट कोबेन यांनी 'हाय, हाउ आर यू' या संग्रहाच्या मुखपृष्ठावरील बेडकाचे चित्र असलेला टी-शर्ट वारंवार परिधान केला आणि हे नाव जगभर गेले. त्यानंतर १९९४ मध्ये अटलांटिक या मोठ्या कंपनीने 'फन' हा संग्रह प्रसिद्ध केला. मात्र त्याची विक्री अल्प झाली आणि पुढे कंपनीने करार संपुष्टात आणला. हातोहात फिरणाऱ्या कॅसेटला मिळालेला श्रोता कंपनीच्या तबकडीला मिळाला नाही, ही घटना बोलकी आहे. शिफारशीत एका व्यक्तीने दुसऱ्यासाठी घेतलेली जबाबदारी असते. जाहिरातीत ती नसते.

आजाराची कथा आणि रसिकाचे दायित्व

जॉन्स्टन यांना दीर्घकाळ गंभीर मानसिक आजाराने ग्रासले होते. १९९० मध्ये ऑस्टिनमधील कार्यक्रमानंतर वडिलांच्या छोट्या विमानातून परतताना त्यांनी विमानाची किल्ली बाहेर फेकली. विमान कोसळले, पण पितापुत्र बचावले. हा प्रसंग जेफ फॉयरझाइग यांच्या 'द डेव्हिल अँड डॅनियल जॉन्स्टन' (२००५) या माहितीपटामुळे सर्वश्रुत झाला. तेव्हापासून अनेक शिफारशींचा आरंभ गीताऐवजी या प्रसंगाने होऊ लागला.

येथेच नैतिक प्रश्न उपस्थित होतो. 'वेडा प्रतिभावंत' ही स्वच्छंदतावादाने दिलेली प्रतिमा श्रोत्याला सोयीची असते. तिच्यामुळे गीतातील चूक भूषण ठरते, रचना बेसावध उद्गार ठरते आणि वेदना ही करमणूक ठरते. वास्तविक आजाराने त्यांच्याकडून कामाची अनेक वर्षे हिरावून घेतली, रुग्णालयातील वास्तव्य पदरी टाकले आणि वृद्ध आईवडिलांवर शुश्रूषेचा भार टाकला. गाणी आजारामुळे निर्माण झाली, असे म्हणण्यापेक्षा आजार असूनही निर्माण झाली, असे म्हणणे अधिक न्याय्य होईल. अर्थात चरित्र पूर्णतः वगळावे, असा याचा अर्थ नव्हे. एकतर्फी प्रेम, अपराधभाव आणि धार्मिक भय हे त्यांच्या गीतांचे विषयच आहेत. प्रश्न क्रमाचा आहे. गीताने चरित्राकडे न्यावे, चरित्राने गीत झाकू नये.

या दृष्टीने इतरांनी केलेली पुनर्गायने ही समीक्षेचीच एक रीत ठरतात. कॅथी मॅकार्टी यांचा 'डेड डॉग्ज आयबॉल' (१९९४) हा संग्रह सर्वस्वी जॉन्स्टन यांच्या गीतांचा आहे. २००४ मधील 'डिस्कव्हर्ड कव्हर्ड' या संग्रहात टॉम वेट्स, बेक आदींच्या गायनासोबत दुसऱ्या तबकडीवर मूळ मुद्रणे दिली आहेत. आवाज बदलला, खरखर गेली, तरीही गीत उभे राहते. यावरून त्याची गुणवत्ता साधनाच्या दारिद्र्यावर अवलंबून नव्हती, हे सिद्ध होते. त्याच वेळी मूळ मुद्रणात जे काही अधिक आहे, तेही या तुलनेतूनच ऐकू येते. ते अधिक म्हणजे गाण्याच्या क्षणी खोलीत एकट्या असलेल्या माणसाची उपस्थिती होय.

आज 'लो-फाय' हा शब्द अभ्यासाच्या वेळी मागे चालू ठेवावयाच्या मंद तालसंगीतासाठीही वापरला जातो आणि त्यातील खरखर संगणकावर मुद्दाम मिसळली जाते. २०१८ मध्ये 'द स्टोरी ऑफ अ‍ॅन आर्टिस्ट' हे गीत अ‍ॅपल कंपनीच्या संगणकाच्या जाहिरातीत वापरले गेले. श्रोत्याला पुढील गाणे सुचविण्याचे काम आता बव्हंशी गणनयंत्रणा करते. ती एका गीताचे दुसऱ्याशी साम्य दाखवू शकते. परंतु 'हे तू का ऐकावेस' या प्रश्नाचे उत्तर माणसानेच द्यावे लागते.

निष्कर्ष

१) ध्वनिमुद्रणातील उणीव स्वतः सौंदर्यमूल्य नाही. रचनेशी तिचा संबंध जुळला, तरच ती अर्थ धारण करते.

२) निवडलेला साधेपणा आणि लादलेला साधेपणा यांत समीक्षेने भेद केला पाहिजे.

३) शिफारस ही समीक्षेची प्राथमिक अवस्था आहे. तिच्यातही कारण देण्याची जबाबदारी असते.

४) आजारी गीतकाराची शिफारस करताना प्रथम त्याचे कौशल्य दाखवावे. अनुकंपा नंतर येऊ शकते. तिने कौशल्याची जागा घेतल्यास तो कलावंतावर अन्यायच होय.

जॉन्स्टन यांनी प्रत्येक मागणाऱ्यासाठी आपली गाणी पुन्हा गायिली. त्या श्रमाची परतफेड एका अर्थी सोपी आहे. कॅसेट पुढे देणाऱ्याने ती आधी लक्षपूर्वक ऐकलेली असावी, एवढीच अपेक्षा त्यात आहे.