‘गोकसोंग’ : संशय आणि साक्ष

दक्षिण कोरियाचे दिग्दर्शक ना होंग-जिन यांचा ‘गोकसोंग’ हा चित्रपट २०१६ साली प्रदर्शित झाला. गोकसोंग हे त्या देशातील एका डोंगराळ परगण्याचे नाव. परंतु शीर्षकासाठी योजिलेल्या चिनी अक्षरांमुळे त्याच उच्चाराचा अर्थ ‘आक्रोश’ असा होतो. एकाच ध्वनीत दोन अर्थ वसविणारे हे शीर्षक म्हणजे या कृतीच्या रचनेचे सूत्रच होय.

गावात एकामागून एक कुटुंबे आपल्याच माणसाच्या हातून मारली जातात. अधिकृत खुलासा विषारी अळंब्यांचा. लोकप्रवाद मात्र रानात राहणाऱ्या एका जपानी इसमाकडे बोट दाखवितो. १९१० ते १९४५ पर्यंतच्या जपानी अंमलाची आठवण जेथे बुजलेली नाही, तेथे असा प्रवाद पुराव्यावाचून रुजावा, यात नवल नाही. जोंग-गू हा पोलीस प्रथम तो हसण्यावारी नेतो. मुलीला बाधा होताच मात्र त्याचा शोध संपतो आणि सूड सुरू होतो.

मांत्रिकाच्या विधीचा प्रसंग येथे निर्णायक ठरतो. मांत्रिक खिळे ठोकतो, तिकडे जपानी इसम तडफडतो. दृश्यांच्या या जोडणीवरून प्रेक्षक कार्यकारणसंबंध गृहीत धरतो. तो चुकीचा होता, हे पुढे उमगते. ही फसवणूक आहे, असा आक्षेप घेता येईल. परंतु जोंग-गू ज्या रीतीने निष्कर्ष काढतो, त्याच रीतीने प्रेक्षकासही काढावयास लावणे, हाच येथे दिग्दर्शकाचा हेतू दिसतो.

खरी अडचण शेवटी उद्भवते. गुहेत त्या इसमाचे सैतानात रूपांतर होते, ते हाती विळा घेऊन आलेल्या एका तरुण धर्मसेवकासमोर. त्याने मनाचा निश्चय आधीच केलेला असल्याने हे दृश्य त्याच्या दृष्टीचा खेळ मानता येते. परंतु मांत्रिकाजवळ आढळणारी मृतांची छायाचित्रे कोणत्याही पात्राच्या भ्रमातून पाहिलेली नाहीत. ती केवळ प्रेक्षकास दाखविली आहेत. म्हणजे दुष्टशक्ती खरीच होती, आणि परक्याविषयीचा गावाचा द्वेष, पुराव्यावाचूनचा असूनही, खरा ठरतो. संशयाची चिकित्सा करू पाहणारी ही कृती अखेरीस संशयालाच साक्ष पुरविते. तिचे सामर्थ्य मान्य करूनही हा अंतर्विरोध नोंदविणे अवश्य आहे.