'रेसिडेंट ईव्हिल' : खेळाचे चित्रपटरूप आणि कर्तृत्वाचा प्रश्न

कादंबरीवरून चित्रपट निघाला म्हणजे मूळ कथानक त्यात कितपत टिकले, हा प्रश्न प्रथम विचारला जातो. व्हिडिओ गेमच्या बाबतीत हा प्रश्न अपुरा ठरतो. कारण तेथे कथानक गौण असून खेळणाऱ्याची कृती प्रधान असते. कॅपकॉम ह्या जपानी कंपनीच्या १९९६ मधील खेळावरून पॉल डब्ल्यू. एस. अँडरसन यांनी २००२ मध्ये काढलेला 'रेसिडेंट ईव्हिल' हा चित्रपट ह्या दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

शिंजी मिकामी यांच्या मूळ खेळातील भय प्रेतांच्या रूपापेक्षा टंचाईतून निर्माण होते. कॅमेरा स्थिर असल्यामुळे वळणापलीकडचे दिसत नाही. बंदुकीच्या गोळ्या मोजक्या असतात. खेळातील प्रगती जतन करण्यासही टंकलेखन यंत्राची शाईफीत लागते आणि त्या फितीही थोड्याच मिळतात. गोळी झाडावी की पळावे, हा निर्णय खेळणाऱ्याचा असतो आणि चुकीचे प्रायश्चित्तही त्यालाच भोगावे लागते.

चित्रपटाचा प्रेक्षक असा निर्णय घेऊ शकत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी अँडरसन यांनी योजलेली युक्ती विचारपूर्वक केलेली आहे. मिला योव्होविच यांनी साकारलेली ॲलिस ही नायिका मूळ खेळात नाही. ती शुद्धीवर येते तेव्हा तिची स्मृती नष्ट झालेली असते. त्यामुळे नायिका आणि प्रेक्षक यांचे अज्ञान समान पातळीवर येते. भुयारी प्रयोगशाळेचा नकाशाही अधूनमधून पडद्यावर उलगडत जातो. लेझर किरणांच्या मार्गिकेचा प्रसंग तर विशेष प्रभावी आहे. किरण कसा येतो हे पात्रे शिकतात, आणि ती शिकताच नियम बदलतो. हा प्रसंग मूळ खेळात नव्हता. तथापि पुढे २००५ च्या 'रेसिडेंट ईव्हिल ४' ह्या खेळात तशीच मार्गिका आली. चित्रपटाने खेळाची रीत किती नेमकी ओळखली होती, ह्याचा हा पुरावाच म्हणावा लागेल.

उत्तरार्धात मात्र हे भान सुटते. ॲलिसची स्मृती परतू लागते, तिचे युद्धकौशल्य अफाट ठरते, आणि ती झेप घेऊन हिंस्र कुत्र्यास लाथ हाणते तेव्हा भय ओसरून केवळ कौतुक उरते.

ह्याहून महत्त्वाची गोष्ट 'झॉम्बी' ह्या शब्दात दडलेली आहे. मराठीतील 'झोंबी'शी त्याचे साम्य केवळ ध्वनीचे होय. हा शब्द हैतीतून इंग्रजीत आला. तेथील लोकसमजुतीनुसार झॉम्बी म्हणजे धन्यासाठी राबविले जाणारे, इच्छाशक्ती हरपलेले प्रेत; ह्या कल्पनेमागे गुलामगिरीची स्मृती आहे. जॉर्ज रोमेरो यांच्या १९६८ च्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'पासून धनी लोपला आणि भक्षक समूह उरला. प्रस्तुत चित्रपटासाठी रोमेरो यांनीही एक पटकथा लिहिली होती. ती स्वीकारली गेली नाही.

अँडरसन यांच्या कथेत हा धनी 'अंब्रेला' कंपनीच्या रूपाने परत येतो. प्रयोगशाळेचे नाव 'हाइव्ह', म्हणजे पोळे. तेथील ५०० हून अधिक कर्मचाऱ्यांना संगणकच कोंडून मारतो आणि विषाणूमुळे तेच उठून आपल्या कामाच्या जागी भटकू लागतात. शब्दाच्या मूळ अर्थाच्या इतक्या निकट येऊनही चित्रपट ह्या मृतांकडे केवळ लक्ष्य म्हणून पाहतो. त्यांतील बहुतेकांचे पूर्वायुष्य त्यास जाणून घ्यावेसे वाटत नाही.

शेवटी ॲलिस पुन्हा शुद्धीवर येते, ती अंगाला नळ्या जोडलेल्या अवस्थेत, त्याच कंपनीच्या प्रयोगाचा विषय होऊन. येथे मृत आणि जिवंत यांचा धनी एकच असल्याचे क्षणभर उघड होते. खेळणाऱ्याचे कर्तृत्व पडद्यावर आणणे अशक्यप्राय असले, तरी कर्तृत्व हिरावले जाणे हा चित्रपटाचाच विषय होऊ शकला असता. तो विषय अखेरच्या काही क्षणांत यावा आणि तेथेच संपावा, ही ह्या चित्रपटाची खरी मर्यादा होय.