घसारा न लागणारा खेळ

कॉमर्सच्या पदवीने मला जे काही दिले त्यात सर्वांत टिकाऊ निघाली ती घसाऱ्याची कल्पना. यंत्र घ्या, कपाट घ्या, दरवर्षी किंमत खाली. कारकूनही याच सदरात मोडतो, पण ताळेबंदात त्याची वेगळी नोंद करत नाहीत एवढेच. अलीकडे सर्वांत झपाट्याने घसरतात ते पोरांचे व्हिडिओ गेम. ज्या गेममधले वाऱ्यावर डुलणारे गवत तीन वर्षांपूर्वी 'अगदी खरं' वाटायचे, तेच आता प्लास्टिकचे वाटते. मग नवे गवत काही हजार रुपये टाकून आणायचे. तेवढ्या पैशात गावाकडे खरे गवत गाडीभर आले असते!

म्हणून ज्या खेळात गवताचे चित्रच नाही, 'गवत' असा नुसता शब्द आहे, त्याच्याबद्दल लिहावेसे वाटते. या प्रकाराला 'मड' म्हणतात. मड म्हणजे चिखल नव्हे, 'मल्टी-यूझर डंजन'ची आद्याक्षरे. 1978 साली इंग्लंडातल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने पहिला मड लिहायला घेतला आणि 1980 मध्ये रिचर्ड बार्टल या दुसऱ्या विद्यार्थ्याच्या हवाली केला. पडद्यावर फक्त मजकूर. तुम्ही अमुक वाटेवर उभे आहात, असे यंत्र सांगते. उत्तरेला जायचे तर तसे टाइप करा. तेवढ्यात समोरून कोणी येतो, आणि तो यंत्रातला राक्षस नसून दुसऱ्या यंत्रापाशी बसलेला तुमच्या-आमच्यासारखा माणूस असतो! खजिना शोधायचा आणि नेऊन दलदलीत फेकायचा, म्हणजे गुण मिळतात. हाती आलेली संपत्ती चिखलात घातली की बढती, ही पद्धत काही कर्जखात्यांमुळे माझ्या परिचयाची आहे.

पुढे 1996 साली बार्टलने खेळाडूंचे पत्त्यांसारखे चार रंग पाडले. गुण जमवणारे ते चौकट, कानाकोपरा धुंडाळणारे इस्पिक, गप्पा मारायला येणारे बदाम आणि दुसऱ्याला बडवण्यात आनंद मानणारे किलवर. आमच्या शाखेत चारही रंग आहेत. बदाम बहुमतात, किलवर बहुधा वरच्या ऑफिसातून तपासणीला येतात.

दोष सांगितले नाहीत तर ती जाहिरात झाली, समीक्षा नव्हे. कोपनहेगनच्या विद्यार्थ्यांनी केलेला 'डिकूमड' 1991 मध्ये लोकांना वाटला गेला आणि ज्याने त्याने त्याची नक्कल मांडली. नाव निराळे, आत गेलात की तेच मिडगार्ड गाव आणि तेच देऊळ. उंदीर मारा, गुण घ्या, मोठा उंदीर मारा. इतके कंटाळवाणे काम करायचे तर आम्हांला त्याचा पगार मिळतो हो! 1997 पासून चाललेल्या 'अकिया'त प्रवेश फुकट, पण आतली सामग्री चांगली हवी तर खरे पैसे मोजून क्रेडिट घ्यायचे. त्यावर बँकेच्या माणसाने काय बोलावे?

पण 'डिस्कवर्ल्ड मड' ही चीज निराळी. टेरी प्रॅचेटच्या कादंबऱ्यांवरून 1991 साली सुरू झालेला हा खेळ हौशी मंडळी फुकट चालवतात. त्यातले शहर अंख-मॉरपॉर्क. कादंबऱ्यांत तिथे चोरांचा अधिकृत संघ आहे आणि चोरी झाल्यावर पावती मिळते. (हे वाचून मी पुस्तक खाली ठेवून क्षणभर उभा राहिलो.) तिथली नदी इतकी दाट की जवळजवळ तिच्यावरून चालत जावे. पुणेकरांनी गैरसमज करून घेऊ नये. आता या नदीचे चित्र काढा, नुसता काळा पट्टा दिसेल. तिची थट्टा फक्त शब्दांत होते. शब्द खेळाचे, चित्र आपल्या डोक्यातले, अशी ही भागीदारी आहे. आणि आपल्या डोक्यातले चित्र आपण आपल्या नकळत दरवर्षी रंगवून घेतो, त्यामुळे घसारा लावायला जागाच नाही.

हा खेळ मला दाखवला आमच्या शाखेतल्या एका सहकाऱ्यांनी. त्यांना जन्मापासून दृष्टी नाही. पडदा वाचून दाखवणारा प्रोग्राम त्यांच्या कानात अशा वेगाने बोलतो की मला ती मंत्रपुष्पांजली वाटते; त्यांना अक्षर न् अक्षर कळते. शाखेच्या दारातल्या दोन पायऱ्या उतरताना ते माझ्या दंडाला हात लावतात. अंख-मॉरपॉर्कमध्ये कारभार उलटा. तिथे 'फॉलो' अशी आज्ञा आहे, ती दिली की आपण पुढच्या माणसामागून आपोआप चालू लागतो. "चला राव, माझ्यामागून या. गल्ल्या फसव्या आहेत," असे म्हणून त्यांनी मला सारे शहर हिंडवले. तिथल्या मंडळींना त्यांच्या डोळ्यांविषयी ठाऊक आहे का, असे मी विचारले. "विषयच निघाला नाही कधी," ते म्हणाले. बँकेत तो विषय दिवसातून चारदा निघतो, आणि तोही ते समोर असताना, त्यांना ऐकूही येत नसावे अशा थाटात.

असे खेळ जातातही. एसेक्सच्या मूळ मडची कॉम्प्युसर्व्हवरची आवृत्ती 1999 साली वायटूकेच्या साफसफाईत बंद झाली. तिला पुन्हा उभे करणारा भला माणूस पुढच्याच वर्षी भेटला, पण प्रत्येक खेळाला तो भेटेलच असे नाही. तिथली गर्दीही पूर्वीसारखी नाही. आमचे सहकारी मात्र रोज रात्री जातात, आणि आठवड्यातून दोनदा मीही.

सौ.ने परवा माझ्या खांद्यावरून डोकावून पाहिले. काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळी वर सरकत होत्या. "ह्यात दिसतं तरी काय तुम्हांला?" ती म्हणाली. मी तिचा प्रश्न दुसऱ्या दिवशी डबा खाताना सहकाऱ्यांना सांगितला.

"वहिनींना घेऊन या एकदा," ते म्हणाले, "मी दाखवतो."