जुने ख्रिस्ती नीतिग्रंथ : शोध आणि पारख

ग्रंथाचें मोल ठरविण्यापूर्वीं तो वाचावा लागतो, हा नियम आम्ही विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षें सांगत आलों. आणि फादर स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’च्या बाबतींत तो आम्हीच मोडीत आलों, हें आरंभींच कबूल केलें पाहिजे. मराठी भाषेची स्तुति करणाऱ्या त्यांतील मोजक्या ओव्या निवडून आम्हीं कवीला आपलासा म्हटलें, आणि उरलेल्या सुमारें अकरा हजार ओव्यांकडे पाठ फिरविली. खंबाटकी घाटाच्या पायथ्याशीं खंडाळ्यास राहणाऱ्या अध्यापकाला मूळ ग्रंथ कोठून मिळणार, ही सबब पूर्वीं चालण्यासारखी होती. जे. एल. सालढाणा यांनीं १९०७ सालीं मंगळूरास प्रसिद्ध केलेली रोमन लिपींतील आवृत्ति आज संगणकाच्या पडद्यावर पानापानानें उघडतां येते. तेव्हां ती सबब आतां संपली.

मात्र शोधणारास थोडी युक्ति लागते. देवनागरींत नांव घातलें तर ग्रंथाविषयींचें बोलणेंच अधिक हातीं येतें. ग्रंथच हवा असेल तर मुखपृष्ठावरील रोमन नांव, ज्यांत ‘पुराण’ शब्दाला दोन ‘एन्’ आहेत, तसेंच द्यावें. स्टीफन्स यांचीच, १६२२ सालीं रायतूर येथें छापलेली ख्रिस्ती धर्माची प्रश्नोत्तरी ‘मराठी’ म्हणून शोधल्यास सांपडणें कठीण. कारण तिच्या मुखपृष्ठावर भाषेचें नांव ‘ब्राह्मण कानारीं’ असें आहे, आणि ती कोंकणी आहे.

ग्रंथ सांपडला म्हणजे पारख झाली असें नव्हे. तीन प्रश्न विचारावे लागतात. पहिला, हा पाठ कोणाचा? ‘ख्रिस्तपुराण’ १६१६, १६४९ आणि १६५४ सालीं छापलें गेलें. परंतु त्या छापील प्रतींपैकीं एकही उपलब्ध नाहीं. सालढाणा यांनीं हस्तलिखितांवरून पाठ सिद्ध केला. लंडन येथील मार्सडन-संग्रहांतील हस्तलिखित तर देवनागरींत आहे. तेव्हां पडद्यावर दिसतो तो संपादकाचा पाठ होय. खुद्द कवीची प्रत नव्हे, हें ध्यानांत ठेवूनच त्यांतील एखाद्या शब्दावर सिद्धांत उभारावा.

दुसरा प्रश्न, ग्रंथ कोणासाठीं? प्रश्नोत्तरी ही सामान्य भाविकासाठीं असते. आल्फोन्सस लिग्वोरी यांचा १७४८ सालचा लॅटिन नीतिग्रंथ मात्र पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंसाठीं लिहिलेला आहे. पास्कलनें १६५६-५७ सालीं अशा सूक्ष्म पापविचाराची जी थट्टा केली, तिच्याच डोळ्यांनीं आमचे इंग्रजी शिकलेले वाचक तो सारा वर्ग पाहतात. याज्ञवल्क्यस्मृतीच्या प्रायश्चित्ताध्यायावरून हिंदु गृहस्थाची रोजची नीति कोणी ठरवूं लागला तर आपण हंसूं. तोच न्याय येथें लावला पाहिजे. शिवाय अशा पुस्तकाचें सालही पाहावें. १९१७ सालच्या धर्मसंहितेवर आधारलेल्या पुस्तकांतील नियम १९८३ च्या नव्या संहितेनंतर जसेच्या तसे लागू राहिले नाहींत. आरंभीं छापलेली धर्माधिकाऱ्याची अनुज्ञा एवढेंच सांगते कीं, त्या वेळीं मजकुरांत श्रद्धेला बाधक कांहीं आढळलें नाहीं. पुस्तक उत्तम आहे अशी ती ग्वाही नव्हे.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड : ग्रंथ कोणत्या सत्तेच्या छायेंत जन्मला? ‘ख्रिस्तपुराणा’च्या आरंभींच एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीगुरूस विचारतो कीं, आमचीं पूर्वींचीं पुराणें आपण बंद केलीं, तर दुसरीं कां देत नाहीं? ज्या भुकेला हें पुराण अन्न म्हणून वाढलें गेलें, ती भूक बंदीनें निर्माण केली होती. पुढें १६८४ सालीं पोर्तुगीज विजरईनें तीन वर्षांत लोकभाषा सोडून पोर्तुगीज बोलावें असा हुकूम काढला. म्हणजे ज्या भाषेंत धर्म शिकविला, तिच्यावरच राज्यसत्ता उलटली.

म्हणून केवळ भाषास्तुतीसाठीं या ग्रंथास डोक्यावर घेणें, किंवा केवळ सत्तेच्या पापासाठीं तो दूर लोटणें, हे दोन्ही निकाल आम्हांस न वाचतां दिलेले वाटतात. परक्या मातींत वाढलेल्या त्या इंग्रज जेझुइटानें ओवी आपलीशी केली, हें खरें. तितकेंच खरें हें कीं, त्या ब्राह्मणाची तक्रार त्यानें आपल्या काव्यांतून गाळली नाहीं. हा प्रामाणिकपणा आमच्या मतें ग्रंथांतील नीतीचा पहिला पाठ आहे. यापुढें वर्गांत आम्ही भाषास्तुतीच्या ओव्यांबरोबर तो प्रश्नही वाचून दाखवूं. निकाल विद्यार्थ्यांनीं द्यावा.