नोंद आणि वंशावळ : पूर्वजशोधाच्या दोन संहिता

बंगळूरच्या दक्षिणेस, तमिळनाडूच्या सीमेलगत वसलेल्या आनेकल परिसरातील एखाद्या मराठी कुटुंबाने आपल्या मूळ पुरुषाचा शोध घ्यावयाचे ठरविले, तर त्याच्या हाती प्रथम लागते ती राजकुलाची कथा. १६३८ मध्ये बंगळूर शहाजी भोसल्यांकडे आले. त्यांच्या आश्रयाने जयराम पिंड्ये यांचा ‘राधामाधवविलासचंपू’ सिद्ध झाला आणि १९२२ मध्ये वि. का. राजवाडे यांनी तो विस्तृत प्रस्तावनेसह प्रसिद्ध केला. पुढे एकोजी तंजावरास स्थिरावले. १६८७ मध्ये बंगळूर म्हैसूरच्या वोडेयरांकडे गेले. भोसल्यांचा माग असा सलग लागतो. त्यांच्याबरोबर दक्षिणेत उतरलेल्या शिलेदाराचा, कारकुनाचा, आचाऱ्याचा मात्र लागत नाही. कागद नष्ट झाले, एवढेच याचे कारण नव्हे. वंशावळ या लेखनप्रकाराच्या स्वभावातच त्याचे मूळ आहे, आणि नॉर्वेमधील चर्चच्या जुन्या नोंदवह्यांशेजारी ती ठेवून पाहिली असता हे ठळकपणे दिसते.

नॉर्वेतील उपलब्ध नोंदवह्यांपैकी सर्वांत जुनी आन्देबू येथील असून ती १६२३ पासूनची आहे. बाप्तिस्मा, विवाह, दफन हे तिचे विषय. १८१२ नंतर प्रत्येक वहीच्या दोन प्रती ठेवण्याचा दंडक आला; एक धर्मगुरूकडे, दुसरी त्याच्या साहाय्यकाकडे. १८२५ पासून अमेरिकेस गेलेल्या नॉर्वेजियनांचे वंशज आज याच वह्यांच्या आधारे पणजोबांच्या शेतवाडीपर्यंत पोहोचतात. येथे लक्षणीय गोष्ट ही की, नोंद करणारा त्या कुळातील नसतो आणि कुळाची थोरवी सिद्ध करणे हे त्याचे प्रयोजन नसते. त्यामुळे भूमिहीन मजूर आणि विवाहबाह्य संबंधातून जन्मलेले मूल यांनाही त्याच रकान्यात जागा मिळते. धर्मपालकांची नावे मिळतात ती वेगळीच. त्यांवरून नात्यागोत्याचे जाळे उलगडते.

याउलट तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजी दुसरे यांनी १८०३ मध्ये कोरविलेले भोसले वंशाचे चरित्र पाहावे. सरफोजी हे तुळजाजींचे दत्तक पुत्र. त्यांचे दत्तकविधान वादग्रस्त ठरून अमरसिंह गादीवर आले होते. १७९८ मध्ये इंग्रजांनी सरफोजींना गादी दिली आणि पुढच्याच वर्षीच्या तहाने राज्यकारभार काढून घेतला. ज्याचा अधिकार एकदा नाकारला गेला आणि मिळाल्यावर नाममात्र उरला, त्याने आपली परंपरा दगडात कोरविली. ही संहिता पूर्वजांची नोंद करते, त्याहून अधिक ती वारसाहक्काचे प्रतिपादन करते. इतिहासाचे साधन म्हणून तिच्यातील सनावळीची छाननी होते ती योग्यच. परंतु तेवढ्याने तिच्यामागील व्याकूळ निकड वाचली जात नाही.

मात्र नोंदवहीला निरपेक्ष सत्याचे स्थान देणेही भाबडेपणाचे होईल. जुन्या नॉर्वेजियन नोंदींत कित्येकदा बाप्तिस्मा झालेल्या मुलाच्या पित्याचेच नाव आढळते, आईचे नाही. लेखनाची भाषा डॅनिश असल्याने स्थानिक उच्चारांतील शेतवाड्यांची नावे परक्या वर्णलेखनात अडकतात. गोव्यातील चर्चच्या वह्यांत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. धर्मांतरिताला तेथे पोर्तुगीज नाव मिळते. म्हणजे जेथे नोंद सुरू होते, तेथेच जुने नाव संपते. त्यापलीकडचा धागा शोधावयाचा तर गावकारीतील वांगडांकडे वळावे लागते. विसाव्या शतकातील मराठी कुलवृत्तान्तांनी मात्र वंशावळीची जुनी चौकट काहीशी सैल केली. त्यांत सुनांची माहेरची नावे आली, नोकरीची गावे आली. तरीही कुलवृत्तान्त सिद्ध करण्याइतकी संघटित कुळे कोणती, हा प्रश्न उरतोच.

नामपद्धतीतील साम्य यापेक्षा बोलके आहे. नॉर्वेत पित्याच्या नावावरून आलेले ‘ओल्सेन’ किंवा ‘ओल्सदात्तर’ आणि राहत्या शेतवाडीचे नाव यांवर माणूस ओळखला जाई. स्थलांतर होताच शेतवाडीचे नाव बदले. १९२३ च्या कायद्याने कायम आडनाव सक्तीचे केले. मराठी ‘-कर’ आडनाव याच्या उलट वागते. ते सोडून आलेले गाव जपते, राहते गाव सांगत नाही. दक्षिणेतील अनेक मराठी घराण्यांनी तेही टाकले आणि गावाच्या किंवा वडिलांच्या नावाचे आद्याक्षर व शेवटी ‘राव’ एवढ्यावर भागविले. कुंभकोणम येथे १८२८ मध्ये जन्मलेले दिवाण टी. माधवराव हे त्याचे सुपरिचित उदाहरण. अशा घराण्यांत पूर्वजांचे गाव आडनावातून निसटते. ते राहिले तर गोत्राच्या उच्चारात आणि लग्नपत्रिकेच्या माथ्यावरील कुलदैवताच्या नावात राहते, आणि तुळजापूर की जेजुरी एवढा निर्देश ज्या घरात टिकला आहे, त्या घराचा शोध निदान उत्तरेकडे वळू शकतो.