बंद मूर्तींतील लेख व न्यूट्रॉन-परीक्षा

तिबेटी बुद्धमूर्तींच्या अंतर्भागावरील एबरहार्ड लेमान प्रभृतींचा २०१० सालचा निबंध संग्राहकांनीं अवश्य वाचावा. न्यूट्रॉन धातूंतून बऱ्याच अंशीं पार जातो, पण हायड्रोजनयुक्त पदार्थांनीं अडतो. म्हणून मूर्ति न उघडतां आंतील काष्ठ, वस्त्र, कागद यांच्या आकृति दिसतात व प्रतिष्ठेचा भंग होत नाहीं. हा लाभ थोर होय. तथापि गुंडाळी दिसणें म्हणजे लेख वाचणें नव्हे. शिवाय ‘अक्षत परीक्षा’ हे शब्दही जपून योजावेत, कारण धातु कांहीं काळ किरणोत्सर्गी होऊं शकतो. तरीही आमचें मत मूर्ति न उघडण्याचेंच आहे. एन-गेदी येथील जळालेली गुंडाळी १९७० सालीं सांपडली. ती न उलगडतां क्ष-किरणांच्या साह्यानें वाचल्याचा वृत्तान्त २०१६ सालीं प्रसिद्ध झाला. उतावळेपणानें उलगडली असती, तर वाचावयास कांहींच उरलें नसतें.