डॉक्टर रुग्ण होतो तेव्हा

मेंदूविकारतज्ज्ञ ऑलिव्हर सॅक्स १९७४ साली नॉर्वेतील एका डोंगरावर पडले आणि त्यांच्या डाव्या मांडीच्या स्नायूची कंडरा तुटली. लंडनमध्ये शस्त्रक्रिया झाली. कंडरा जोडली गेली, पण पाय ‘आपला’ वाटेना. डोळे मिटले की तो कुठे आहे हेही कळेना. शल्यविशारदांच्या मते मात्र काहीच बिघडले नव्हते! हा अनुभव सॅक्स यांनी ‘ए लेग टू स्टँड ऑन’ (१९८४) या पुस्तकात मांडला आहे.

स्नायू, कंडरा व सांधे यांतील संवेदक अवयवांची स्थिती मेंदूला सतत कळवत असतात. मज्जातंतूंना झालेली इजा आणि पायाचे निश्चल राहणे यांमुळे मेंदूतील पायाची प्रतिमाच पुसली गेली, असा सॅक्स यांचा तर्क आहे. जे तपासणीत दिसत नाही ते खोटेच असते असे नाही, हे पुस्तक उत्तम पटवून देते.

पण इथे रुग्ण आणि निरीक्षक एकच आहे, आणि लेखन दहा वर्षांनंतरचे. मनात मेंडेल्सनचे संगीत घुमले आणि चाल परतली, असे ते सांगतात. ती संगीतामुळे परतली, की मज्जातंतू सावरल्यामुळे? एका प्रसंगावरून हे ठरवता येत नाही. शेवटी तत्त्वचर्चाही लांबते.

वर्गात मुलांना डोळे मिटून दोन्ही तर्जन्यांची टोके जुळवायला सांगा. मग विचारा: अनुभव खरा असला, म्हणून त्याचे स्पष्टीकरणही खरे ठरते का?